पंचांगातले सुईचे टोचे

आमच्याकडे पंचांग दाराजवळच्या खुंटीला दोऱ्याने टांगलेलं असे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गंगेवरून आंघोळ करून आले की ते हातात घेत, पूर्वेच्या दारात उजेडाला उभे राहत आणि तिथी-वार मोठ्याने वाचत. लगेच चुलीपाशी बसलेल्या सासूबाई विचारत, "मग आज सूनबाईला काय?" म्हणजे आज माझा कोणता उपवास. तेवढं ऐकलं की मी धास्तावे. उपवासाची भीती मला नव्हती. त्याच्या मागून जे येई त्याची होती, आणि ते कशाच्या मागून येतं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आमचं घर तांबटांचं. पुढच्या ओटीवर भट्टी, ऐरणी आणि हातोडे, मागे आम्ही. सिंहस्थ जवळ आला होता. यात्रेकरूंना गंगेचं पाणी भरून न्यायला लहान गडू लागतात, म्हणून उजाडल्यापासून ओटीवर ठोके सुरू होत. एक मामंजींचा हातोडा, एक ह्यांचा, आणि समोरच्या, पलीकडच्या घरांतले तेवढेच. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटे की माझ्याच डोक्यात कोणी भांडं घडवतो आहे. मग सवय झाली. माझी मुलगी वर्षाची होईपर्यंत त्या आवाजात मी झोपतही असे.

अर्धशिशी उठली ती बाळंतपणानंतर. पहिल्यांदा आली तेव्हा मी अंगणात चिंच लावून गडू उजळत होते. गडूच्या पोटावर ऊन पडून डोळ्यांपुढे चकाकी आली, असं मला वाटलं. मान फिरवली तरी चकाकी तिथेच. आधी तिळाएवढी होती. मग ती वाढली, वाकली, आणि तिला करवतीसारखे दात आले. ते दात उन्हातल्या पाण्यासारखे थरथरत होते. सासूबाई काही सांगायला दारात आल्या तर त्यांचं अर्धंच तोंड मला दिसलं. एक डोळा, अर्धं कुंकू, अर्धे ओठ. बाकीच्या जागी काळोख नव्हता, काहीच नव्हतं. मी घाबरून हाक मारायला गेले तर डाव्या हाताची बोटं झोपल्यासारखी झाली आणि तोंडातून भलताच शब्द आला. थोड्या वेळाने ते सगळं विरलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात उजव्या कानशिलात ठोका पडला.

ते दुखणं कसं सांगावं? मी चौथीपर्यंत शिकले, शब्द माझ्याजवळ थोडे आहेत. ओटीवरचा प्रत्येक ठोका उजव्या डोळ्याच्या मागे पडे. उजेड सहन होत नसे. फोडणीचा वास आला की पोट वर येई, आणि पोटात काही नसलं तरी हिरवं पाणी पडे. मी मागच्या काळोख्या खोलीत, कांद्यांच्या ढिगाशेजारी, ओलं फडकं डोळ्यांवर घट्ट बांधून पडून राही. सूर्य चढे तसं ते चढे. उतरल्यावर कधी उतरे, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राही. गेलं की अंग धुवून वाळत घातलेल्या लुगड्यासारखं रिकामं, हलकं. मुलीला उचलायची ताकद नसे.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच लिहिते. त्यांनी तूप कोमट करून माझ्या नाकात सोडलं. सुंठ उगाळून कपाळाला थापली. कुणीतरी सांगितलं म्हणून सूर्य उगवायच्या आत दुधातली जिलेबी खायला घातली. ह्यांनी तीन दिवस पहाटे उठून द्रोण आणले. त्या तीन दिवसांत कपाळ शांत होतं. सासूबाईंनी मात्र त्याचं श्रेय देवाला दिलं. त्यांनी नेमका त्याच सुमाराला माझ्यासाठी नवस केला होता.

मग नवस वाढत गेले. आधी मला फक्त संकष्टी होती. डोकं दुखू लागलं म्हणून एकादशी आली. तरी थांबेना म्हणून, हे दुखणं सूर्याबरोबर चढतं तर सूर्यालाच धरावं म्हणून आदित्यवार आला. तोही निर्जळी. पाणीसुद्धा दिवे लागल्यावर. डोकं उठलं की एक उपवास वाढे, आणि मला आतून सारखं वाटे की मी कुठल्या तरी विहिरीच्या पायऱ्या उतरते आहे आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी प्रेमाने हात धरून खाली नेतो आहे.

शेजारी एक काकू राहत. पन्नाशीच्या, एकट्या, जिभेच्या तिखट. त्यांच्या उजव्या कानशिलावर नाण्याएवढा गुळगुळीत डाग होता आणि त्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली असे. त्यांनाही अर्धशिशी होती. सिन्नरकडची एक म्हातारी सळई तापवून डाग द्यायची, तिच्याकडून त्यांनी तो घेतला होता.

"माझी अर्धशिशी गेली गं," त्या मला म्हणाल्या, "पण जाताना अर्धा डोळा बरोबर घेऊन गेली. मी म्हटलं, जा बाई, माहेरची भेट समज."

त्या हसल्या. मिटलेली पापणी मात्र हसली नाही.

"खरंच गेली?" मी हळूच विचारलं.

"तसं म्हणायचं. विचारणाऱ्याला काय सांगायचं, एवढं सोसल्यावर?"

हे बोलणं मी विसरले नाही. कारण त्याच आठवड्यात सासूबाईंनी ओटीवर जाऊन मामंजींना सांगितलं, "मार्गशीर्षातल्या पहिल्या आदित्यवारी त्या म्हातारीला बोलवायचं. सळईला बाहेर कुठे जायला नको, भट्टी घरचीच आहे." ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठोके घालू लागले. माझ्या बाजूने ह्यांनी कधी काही म्हटलं नाही, विरुद्धही नाही. आमच्या घरात आईच्या बोलण्यावर कोणी बोलत नसे.

त्या दिवसापासून भट्टीकडे बघवत नसे. ओटीवर कोळसा फुंकला की माझं कानशील आपोआप गरम होई.

डाग चुकवायचा तर हे दुखणं का येतं ते मला कळायला हवं होतं. विचारणार कोणाला? मी शाळेत असतानाही उत्तर येत असून हात वर करत नसे. पण एक गोष्ट मला करता येत होती. मामंजी दर पौर्णिमेला पंचांगात गंगेच्या पाण्याची खूण करत, ते मी पाहिलं होतं. तशी आपण डोक्याची खूण केली तर? पेन्सिल मामंजींच्या खिशात असे, आणि सून लिहिते आहे हे दिसलं असतं तर गल्लीभर झालं असतं. माझ्याजवळ गोधडीची सुई होती. डोकं उठलं की दुसऱ्या दिवशी, सगळे कामात असताना, मी खुंटीवरचं पंचांग उघडे आणि त्या तिथीच्या कडेला सुईने एक टोचा मारी. कोणाला दिसणार नाही एवढा बारीक.

श्रावणापासून कार्तिकापर्यंत मी असे टोचे मारले. कार्तिकातल्या एका दुपारी बोट फिरवून पाहिलं. डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते बोटाला लागलं. संकष्टीला टोचा. एकादशीला टोचा. आदित्यवारी, आदित्यवारी, आदित्यवारी. मला जिलेबीचे ते तीन दिवस आठवले; तेव्हा सूर्य उगवायच्या आत पोटात काही असे.

आणि आणखी काही टोचे होते ते उपवासाचे नव्हते. दर महिन्याला एक, कधी दोन. ते कशाचे हे मला तिथेच कळलं. मी बाहेर बसायच्या आधी दोन दिवस. मी पंचांग मिटलं. ह्या गोष्टी देवाच्या पंचांगात मी टोचून ठेवल्या म्हणून मी ते कपाळाला लावून परत टांगलं.

हे सांगायचं कसं, याचा विचार करण्यात आठ दिवस गेले. मी एकटी असताना वाक्यं जुळवी. चुलीपाशी गेले की सासूबाई काही काम सांगत आणि मी ते करू लागे.

मग एका सकाळी मामंजी दारात उभे राहून तिथी वाचताना मध्येच थांबले. ऊन कोवळं होतं आणि थेट पानावर पडलं होतं. त्यांच्या पांढऱ्या पंच्यावर उजेडाचे बारीक ठिपके पडले होते.

"हे काय?" ते म्हणाले. त्यांनी पान हलवलं. ठिपकेही हलले.

सासूबाई आल्या. त्यांनी पानावर बोट फिरवलं आणि हात विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. "सुया! अहो, सुया टोचल्यात कोणीतरी. तिथी बघून टोचल्यात. पोरीच्या डोक्यात उगाच नाही सुया चालत!"

"उगाच काही बोलू नकोस," मामंजी म्हणाले, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

"मी कशाला उगाच बोलू? खुंटीपर्यंत कोण येतं-जातं? ती शेजारची. स्वतःचा डोळा गेला, आता हिचा घालवायचाय तिला."

मी तिथेच उभी होते, मुलीला कडेवर घेऊन. एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. अजून मला त्याची लाज वाटते.

त्या दिवशी संध्याकाळी काकू वाटीत आवळ्याचं लोणचं घेऊन आल्या. सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

"लोणचं ठेवा तुमच्याच घरी."

"का हो वहिनी? खारट झालंय म्हणता? चाखा तरी."

"तुमच्या हातचं ह्या घरात आता काही नको."

काकूंनी वाटी पदराखाली घेतली. मग त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, त्या एका उघड्या डोळ्याने. नेहमी दहा वाक्यं बोलणारी बाई काही न बोलता गेली, ते मला कानाखाली मारल्यासारखं लागलं.

डागाचा दिवसही अलीकडे ओढला गेला. करणी आहे म्हटल्यावर उशीर नको, म्हणून सिन्नरकडे निरोप धाडायचं ठरलं. माझा आदित्यवाराचा उपवास मात्र चुकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला जांभया येऊ लागल्या, मान ताठली, गूळ खावासा वाटू लागला. ही तिची येण्याची पावलं, ती मी तोवर ओळखायला शिकले होते. दुपारी करवतीचे दात दिसू लागले. मी काळोख्या खोलीकडे न जाता दाराकडे गेले. मामंजी नुकतेच जेवून ओटीवर बसले होते, त्यांचं अर्धंच अंग मला दिसत होतं. बरं झालं. पूर्ण दिसले असते तर माझा धीर झाला नसता. मी खुंटीवरून पंचांग काढलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि आजच्या तिथीच्या कडेला टोचा मारला.

"अगं..." सासूबाई ओरडल्या.

मामंजींनी हात वर केला. त्यांनी पंचांग उचललं, एकेक पान उन्हाला धरलं. त्यांचा हातोडा खाली होता, समोरच्या घरांतले मात्र चालूच होते.

"ह्या तिच्या डोक्याच्या खुणा आहेत," ते हळूहळू म्हणाले. "संकष्टी. एकादशी. आदित्यवार. आदित्यवारचा दुसरा दिवस." मग सासूबाईंकडे वळून, "तू तिला उपाशी ठेवतेस त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. बघ."

"म्हणजे देवाच्या उपवासानं डोकं दुखतं? असं म्हणायचंय हिला?"

"हिला काही म्हणायचं नाही. ही काही म्हणतच नाही. हे टोचे म्हणतायत." त्यांनी पान उलटलं. "पण ह्या मधल्यांचा मेळ लागत नाही. सूनबाई, ह्या दिवशी काय होतं?"

मी मान खाली घातली. सासऱ्यांपुढे ते कोण सांगणार? डोक्यात ठोका पडला होता, त्याचं निमित्त करून मी उठले आणि कांद्यांशेजारी जाऊन पडले. अर्धं खरं मी माझ्याबरोबर काळोखात घेऊन गेले.

मामंजींनी ठरवलं, महिनाभर निर्जळी नको. उपवास राहू दे, पण सकाळी दूध, राजगिऱ्याचा लाडू, दाणे. म्हातारीचा निरोप थांबवला. सासूबाई रात्री देवापुढे बराच वेळ बसल्या होत्या, हात जोडून, माझ्या वतीने क्षमा मागत. एकादशी आली आणि गेली. आदित्यवार आला आणि गेला. चकाकी दिसली नाही. मी गडू उजळताना गुणगुणले, असं काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं म्हणतात. त्यांच्याकडे मी अजून गेले नव्हते.

आणि मग सप्तमीला, कुठलाही उपवास नसताना, सकाळी भाकरी खाल्लेली असताना, जांभया आल्या.

ह्या वेळचं दुखणं नेहमीपेक्षा वाईट होतं. सासूबाई काळोख्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. "आज कुठला उपवास होता गं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्या खरोखर भ्यालेल्या होत्या, आणि त्यामुळे मी जास्त भ्याले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर सिन्नरकडे निरोप गेला. आदित्यवारला चार दिवस उरले होते.

मी उठू शकले त्या संध्याकाळी सासूबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी त्यांच्या पाठीशी बसले. पाठीला सांगणं सोपं असतं.

"सासूबाई, ते मधले टोचे," मी म्हटलं, "मी बाहेर बसायच्या आधीचे आहेत. दर वेळी. दोन दिवस आधी."

भाकरी थापायचा आवाज थांबला. बराच वेळ तव्यावरची भाकरी करपत राहिली, त्यांनी ती उलटली नाही. मग त्यांनी पदर मागे सारला आणि उजव्या कानावरचे केस वर केले. केसांच्या मुळाशी, कुंकवाच्या चिरीपासून दूर, काकूंच्यासारखाच गुळगुळीत डाग होता. इतक्या वर्षांत मामंजींखेरीज कोणी तो पाहिला नसेल.

"मलाही असंच यायचं," त्या म्हणाल्या. "बाहेर बसायच्या आधी. मी कोणाला बोलले नाही. तुझ्या आजेसासूबाईंनी डागायला लावलं. तुझे हे तेव्हा तीन वर्षांचे होते."

"मग थांबलं?"

"थांबलं की."

"लगेच?"

त्यांनी करपलेली भाकरी उतरवली. बोटांनी हिशेब केल्यासारखी त्यांची बोटं हलली, मग नुसती पडून राहिली. "नाही," त्या म्हणाल्या. "विटाळ गेला तेव्हा थांबलं." हे वाक्य त्यांनी स्वतःही पहिल्यांदाच ऐकलं असावं, अशा आवाजात.

आदित्यवारी म्हातारी आली. वाळकी, स्वच्छ, हातात फडक्यात गुंडाळलेली सळई. ओटीवर भट्टी पेटलेली होती, कारण ती रोजच पेटलेली असे. म्हातारीने सळई निखाऱ्यात खुपसली आणि मला समोर बसायला सांगितलं. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले, कोणाकडे देणार? लोखंड लाल होताना मी पाहत होते. डोळे मिटले असते तर ते कधी उचललं ते कळलं नसतं.

सासूबाई म्हातारीच्या समोर येऊन बसल्या. त्यांनी सगळ्यांसमोर केस वर केले. "हा ओळखता?"

म्हातारी वाकून पाहू लागली. "माझ्या आईचा हात हाय," ती कौतुकाने म्हणाली. "असा गोल तीच द्यायची. लय जुना."

"हा दिल्यावर किती वर्षांत जातं?"

"ज्याचं त्याचं नशीब, बाई. कुणाचं सा महिन्यात, कुणाचं धा वर्षांत."

"माझं चौदा वर्षांनी गेलं," सासूबाई म्हणाल्या. "हिला नको. तुम्ही जेवून जा."

मामंजींनी चिमट्याने सळई निखाऱ्यातून काढली आणि पाण्याच्या हौदात बुडवली. लोखंड किंचाळलं. मुलगी दचकून रडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हातारी रागावली नाही. पोटभर जेवली. निघताना सळई फडक्यात गुंडाळता गुंडाळता तिने माझ्या मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मुलीने डोळे मिचकावले.

"ही उजेडाला डोळं झाकतीय," म्हातारी म्हणाली. "हिच्यात बी हाय. वयात आली की बोलवा. म्या नसले तर माझी सून येईल. तिचा हात बी गोल पडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई स्वतः काकूंकडे वाटी घेऊन लोणचं मागायला गेल्या. काकूंनी दिलं. "खारट आहे हं," एवढंच म्हणाल्या. माझ्याशी त्या महिनाभर बोलल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं. टोचे माझे आहेत हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

अर्धशिशी मला अजून येते. महिन्याला एकदा, कधी दोनदा. उन्हात गडू उजळले, झोप झाली नाही, सकाळी पोट रिकामं राहिलं तर जास्त. तिला बरं करता येत नाही, पण ती कुठून येते ते माहीत असलं की दाराशी उभं राहता येतं. आता मी बाहेर बसायच्या आधीच्या दोन दिवसांत ऊन टाळते, आणि सासूबाई न सांगता माझं भांडी उजळायचं काम उचलतात.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी मुलगी. ती आठ वर्षांची आहे. परवा सकाळपासून जांभया देत होती. गूळ मागितला. दुपारी शाळेतून लवकर आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, पाटीवरचं अर्धं अक्षर दिसेना. बाई म्हणाल्या ढोंग करते."

सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांनाही नीट दिसत नाही, पण तेवढं दिसलं. ओटीवर ठोके चालू होते. कोणीतरी भट्टी फुंकत होतं.

"सकाळी काय खाऊन गेली होती?" त्यांनी विचारलं.

ती उशीर झाला म्हणून काहीच न खाता गेली होती.

"मग आता तिला उपाशी पाठवू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "आणि सुई घे."

मी नवं पंचांग आणलं आहे, मामंजींचं नाही, मुलीचं वेगळं. ते काळोख्या खोलीत कांद्यांवर टांगलं आहे, कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला आता येतं. त्यात अजून एकच टोचा आहे. रोज सकाळी मी ते पान उजेडाला धरून बघते, दुसरा पडला नाही ना, जसा काही तो मारणारी मीच नाही.